न मागितलेला पाठिंबा

तारीख १९ ऑक्टोबर २०१४, रविवार. तुम्ही तासगावात आहात. द्राक्षबागांच्या छाटण्या उरकत आल्यात, दिवाळी चार दिवसांवर आहे, पण आज बागेकडे कोणी फिरकलेलं नाही. टीव्हीवर विधानसभेची मतमोजणी सुरू आहे. बुधवारी तुम्ही राष्ट्रवादीच्या घड्याळाचं बटण दाबलंत आणि आबा, म्हणजे आर. आर. पाटील, निवडून येतायत. गुलाल आणून ठेवलाय.

इथली लढत सरळ होती, घड्याळ विरुद्ध भाजपचं कमळ. दोन आठवड्यांपूर्वी याच तासगावात पंतप्रधान मोदींची सभा झाली. बाळासाहेब ठाकऱ्यांच्या आदरापोटी शिवसेनेवर बोलणार नाही, असं ते म्हणाले. तुमच्या पक्षाला तसली काही सवलत नव्हती. त्याच प्रचारात राष्ट्रवादीच्या ‘एनसीपी’ या आद्याक्षरांचा अर्थ ‘नॅचरली करप्ट पार्टी’ असा लावून झाला. तुमचा चुलतभाऊ कमळवाला. सिंचन घोटाळ्यावरून पारावर तुमची त्याच्याशी अशी जुंपली की दोघांनी बोलणंच टाकलं.

दुपारी पडद्यावर राष्ट्रवादीचे प्रफुल्ल पटेल येतात. मतमोजणी अजून संपलेलीही नाही. राज्याला स्थिर सरकार मिळावं म्हणून भाजपला बाहेरून पाठिंबा, असं ते सांगतात. तुम्ही आवाज वाढवता. ऐकलं ते बरोबरच होतं.

शेजारच्या घरात चुलतभाऊही तेच ऐकतोय. त्यानं घड्याळ घालवायला मत दिलं होतं, तुम्ही कमळ अडवायला. एका वाक्यात दोघांचीही मतं पाण्यात गेली. आता भांडायचं तरी कशावरून?

संध्याकाळपर्यंत आकडे स्पष्ट होतात. भाजप १२२, शिवसेना ६३, काँग्रेस ४२, राष्ट्रवादी ४१. बहुमताला १४५ हवेत. पाठिंबा भाजपनं मागितला नव्हता, नाकारलाही नाही. वहीवर बेरीज केलीत की खेळ कळतो. राष्ट्रवादी गप्प बसली असती, तर २३ आमदारांसाठी भाजपला ठाकऱ्यांच्या मातोश्रीची पायरी चढावी लागली असती आणि शिवसेनेनं खात्यांची यादी पुढे ठेवली असती. हे ४१ जण बाहेर उभे राहिले आणि त्या यादीचं वजनच गेलं. स्थैर्य हे नाव झालं. काम होतं शिवसेनेचा भाव पाडायचं.

३१ ऑक्टोबरला वानखेडेवर शपथविधी होतो. थाट बघून बहुमत कमी आहे, असं कोणाला वाटणार नाही.

आता १२ नोव्हेंबर. विधानभवनाच्या प्रेक्षक गॅलरीत बसा आणि कान उघडे ठेवा, कारण आज डोळ्यांचा उपयोग नाही. हरिभाऊ बागडे बिनविरोध अध्यक्ष झालेत. भाजपचे आशिष शेलार विश्वासदर्शक ठराव मांडतात. अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावं. होय! प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’. गलका उठतो. ठराव मंजूर. शिवसेना आणि काँग्रेस मतविभागणी मागत अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत धावतात. निर्णय झालेला असतो.

तुमची नजर राष्ट्रवादीच्या बाकांवर. कोण ‘होय’ म्हणालं? कोण नुसतंच बसून राहिलं? वरून कळत नाही, आणि कामकाजाच्या नोंदीतूनही कळणार नाही. मतविभागणी झाली असती, तर एकेका आमदाराचं नाव कुठल्या तरी बाजूला लागलं असतं आणि तासगावच्या पारावर जाब विचारता आला असता. (नोंद उरली ती दुसऱ्याच गोष्टीची. त्याच दिवशी राज्यपालांच्या गाडीभोवती झालेल्या धक्काबुक्कीसाठी काँग्रेसचे पाच आमदार दोन वर्षांसाठी निलंबित झाले.)

आठवडाभरात पक्षाच्या अलिबागच्या शिबिरात खुद्द शरद पवार म्हणतात की सरकार टिकवायचा मक्ता आपण घेतलेला नाही, मध्यावधीला तयार राहा. ज्या स्थैर्यासाठी तुमचं मत खर्ची पडलं, ते महिनाभरही पुरलं नाही.

५ डिसेंबरला शिवसेना सरकारात जाते. ४१ जणांची गरज संपते. त्याच महिन्यात सिंचन प्रकरणी अजित पवारांच्या खुल्या चौकशीला मुख्यमंत्री फडणवीस परवानगी देतात. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे: नोव्हेंबर २०१९ची पहाट, जुलै २०२३ची दुपार, दोन्ही वेळा भाजपसोबत उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली ती याच अजित पवारांनी. गॅलरीत शेजारी बसलेल्याला हे सांगून बघा, हसेल.

आजच्या काळात परत आल्यावर आपल्या आमदाराकडे एक मागणी तेवढी करा, मग तो कुठल्याही पक्षाचा असो: सरकारवरच्या विश्वासाचं मतदान आवाजी नको, एकेकाच्या नावानिशी घ्या.