सायलेन्सर घरीच बदलला आणि गाडी फटफट करतेय? गळती नेमकी कुठे आहे, ते असं शोधा!

रविवारची सकाळ. ऑनलाइन मागवलेला सायलेन्सर आलाय, व्हिडिओ दोनदा बघून झालाय, जॅक आणि पाने बाहेर निघालेत. दोन-तीन तास झटापट करून शेवटचा बोल्ट आवळला, चावी फिरवली आणि अख्खी सोसायटी गॅलरीत आली!

गाडी चालू झाली, पण आवाज ट्रॅक्टरसारखा. मग पुन्हा पाना उचलायचा आणि दिसेल तो नट आवळत सुटायचं. बहुतेक जण नेमके इथेच चुकतात.

कारण नवा सायलेन्सर बसवल्यावर अचानक वाढलेला आवाज बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगत असतो. धूर शेवटच्या नळीपर्यंत पोहोचण्याआधीच मध्ये कुठून तरी निसटतोय. आणि खरा धोका आवाजाचा नाही, त्या निसटणाऱ्या धुराचा आहे. म्हणून आधी गळती शोधायची, पाना नंतर.

धूर जातो कुठून?

पेट्रोल गाडीत इंजिनाला जोडलेल्या मॅनिफोल्डमध्ये सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र येतो. पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्यातले प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे धातू विषारी वायूंचं रूपांतर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि पाण्याच्या वाफेत करतात. त्यानंतर लवचीक नळी, मग सायलेन्सर आणि शेवटी मागची नळी.

कन्व्हर्टरच्या आधी आणि नंतर ऑक्सिजन सेन्सर असतात. धुरात ऑक्सिजन किती उरलाय हे ते गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतात आणि कॉम्प्युटर त्यावरून पेट्रोलचं प्रमाण ठरवतो.

या सगळ्या मार्गावर जिथे जिथे जोड आहे, तिथे तिथे गळतीची शक्यता आहे. घरी काम करताना आपण हेच जोड उघडतो.

गाडीखाली जाण्याआधी

गाडी नुकतीच चालवली असेल तर काही तास पूर्ण थंड होऊ द्या. कन्व्हर्टर शेकडो अंश तापतो, नुसता हात लागला तरी कातडी सोलवटते.

जागा सपाट हवी. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना ठोकळे लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका, जॅक स्टँड लावाच. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण गंजाचे कपचे थेट तोंडावर पडतात.

आणि इंजिन चालू करून काही बघायचं असेल, तर बेसमेंट पार्किंगमध्ये किंवा बंद गॅरेजमध्ये अजिबात नको. गाडी उघड्यावर आणा.

आवाज काय सांगतो?

गळतीचा आवाज सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर सगळ्यात स्पष्ट येतो. गाडी तापली की धातू प्रसरण पावतो आणि बारीक फट तात्पुरती बुजते. त्यामुळे "थोडी चालवल्यावर आवाज गेला" म्हणून खूश होऊ नका.

▪ इंजिनाच्या बाजूने टक-टक आवाज, ॲक्सिलरेटर दिला की तोही जलद : मॅनिफोल्डच्या पॅकिंगकडे संशय
▪ गाडीखालून फुस्-फुस् : दोन नळ्यांमधला जोड किंवा क्लॅम्प
▪ खोल, घुमणारा भकभक आवाज : सायलेन्सरजवळची मोठी फट किंवा चुकीच्या मापाची नळी
▪ ठरावीक वेगालाच झिणझिण : उष्णता अडवणारा पत्रा सैल
▪ स्पीडब्रेकरवर ठक् : नळी गाडीच्या तळाला आपटतेय

आणखी एक खूण म्हणजे काजळी. काही दिवस गाडी चालली असेल, तर गळणाऱ्या जोडाभोवती काळा डाग दिसतो.

साबणाच्या पाण्याची युक्ती

पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो, तीच पद्धत इथेही चालते. इंजिन बंद आणि थंड असताना हवा बाहेर फेकणारा व्हॅक्यूम क्लीनर किंवा ब्लोअर मागच्या नळीला लावा, भोवतीची फट फडक्याने बुजवा. आता प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवारा. जिथे बुडबुडे, तिथे गळती.

या पद्धतीत इंजिन बंद असतं, त्यामुळे ना चटका, ना विषारी धूर. चालू इंजिनाची नळी हाताने किंवा फडक्याने दाबून बघण्याचा प्रकार मात्र टाळा. काम झाल्यावर फडकं काढायला विसरू नका! नळीत राहिलेलं फडकं किंवा तिरकं बसून भोक अडवणारं पॅकिंग, यामुळेही गाडी ओढत नाही.

गळती सापडली, आता काय?

पॅकिंग : जुनं पॅकिंग पुन्हा वापरू नका. एकदा दाबलं गेलेलं पॅकिंग दुसऱ्यांदा नीट बसत नाही. दोन्ही पृष्ठभाग घासून साफ करा आणि नवीन टाका.

बोल्ट : एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी आवळली तर जोड तिरका बसतो. दोन्ही बाजू आलटून-पालटून, थोडं थोडं आवळा.

क्रम : सगळ्यात जास्त गडबड इथे होते. आधी सगळे भाग सैलसर जोडून घ्या, नळी सरळ बसली का ते बघा आणि मग इंजिनाकडून मागे येत एकेक जोड पक्का करा. पुढचा जोड पक्का होण्याआधी मागचा आवळला, तर ताण पुढच्या जोडावर येतो आणि तोच गळतो.

क्लॅम्प : एक नळी दुसरीत साधारण दीड ते दोन इंच शिरलेली हवी आणि क्लॅम्प त्याच भागावर हवा, कडेवर नाही. नळी आत सैल हलत असेल तर माप चुकलंय. क्लॅम्प कितीही आवळला तरी नळीच चेपेल. सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेतून आणा, मुंबईतल्या कुर्ल्यातून आणा किंवा ऑनलाइन मागवा. जुन्या नळीचा व्यास व्हर्निअरने मोजूनच घ्या.

सीलंट : साधं सिलिकॉन इथे वापरू नका. उष्णतेने ते टिकत नाही आणि त्याच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर खराब होऊ शकतो. सायलेन्सरसाठी मिळणारी वेगळी पेस्ट घ्या.

गंजलेला नट : जोर लावू नका. गंज सोडवणारं तेल मारून थांबा, गरज पडली तर रात्रभर. मॅनिफोल्डमध्ये बोल्ट तुटला, तर वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च होतो. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेतल्या गाड्यांना हे आधीच गृहीत धरा.

खडखड होत असेल तर?

सायलेन्सर गाडीच्या तळाला रबरांवर लटकलेला असतो. थंड असताना तो हाताने हलवा. कुठे आपटत असेल तर तिथला क्लॅम्प सैल करून नळी थोडी फिरवा. सगळ्या रबरांवर ताण सारखा हवा. एकच रबर ताणलेलं दिसलं, तर जोडणी तिरकी आहे.

नवीन नळीवरचं संरक्षक तेल जळाल्याने पहिली १५-२० मिनिटं हलका धूर आणि वास येऊ शकतो. सकाळी नळीतून पाण्याचे थेंब पडणंही साधी गोष्ट आहे.

डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला?

आधी ऑक्सिजन सेन्सरचा प्लग नीट बसलाय का आणि त्याची वायर गरम नळीला टेकत नाही ना, ते बघा.

मग कोड रीडर लावा. पी०४२० हा कोड आला, तर कन्व्हर्टरचं काम पुरेसं होत नाही असं कॉम्प्युटरला वाटतंय. पण लगेच महागडा कन्व्हर्टर बदलू नका, आधी गळती तपासा. धूर झटक्या-झटक्याने बाहेर पडतो. दोन झटक्यांच्या मधे दाब उतरला की सेन्सरजवळच्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं ऑक्सिजन जास्त आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. पुढच्या सेन्सरजवळ असं झालं की कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो आणि ॲव्हरेज पडतं. म्हणजे दोष पॅकिंगचा आणि भुर्दंड पेट्रोल पंपावर!

दिवा लुकलुकत असेल, तर गाडी बाजूला घ्या. इंजिन मिसफायर होतंय आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळू शकतो.

डोकं दुखतंय, गरगरतंय? गाडीतून उतरा

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटीहून अधिक घट्ट चिकटतो. तळाच्या एखाद्या छिद्रातून किंवा मागचं दार नीट न लागल्यामुळे तो आत येऊ शकतो. एसी 'आतली हवा'वर ठेवला, तर आत आलेला वायू आतच फिरत राहतो.

गाडीत बसल्यावर डोकेदुखी, चक्कर, मळमळ आणि बाहेर पडल्यावर बरं वाटतंय, तर तो योगायोग समजू नका. काचा उघडा, गाडी थांबवा, सगळ्यांना बाहेर काढा आणि डॉक्टरांना धुराबद्दल सांगा. लहान मुलं मागे झोपलेली असतील तर त्यांना झोप लागलीय की गुंगी आलीय, हे कळतही नाही. गळती बंद होईपर्यंत ती गाडी चालवायची नाही.

आणि कायदा?

खराब झालेला भाग कंपनीच्या मापाचाच बदलणं वेगळं आणि आवाजासाठी सायलेन्सर किंवा कन्व्हर्टरच काढून टाकणं वेगळं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५ हजार रुपयांपर्यंत दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडल्यास कलम १९० खाली पहिल्याच वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कन्व्हर्टर काढलेली गाडी पीयूसीत अडकते ते वेगळंच.

मेकॅनिककडे कधी जायचं?

मॅनिफोल्डला तडा, तुटलेला बोल्ट, वेल्डिंगचं काम किंवा दोनदा आवळूनही थांबत नसलेली गळती, यातलं काहीही असेल तर गॅरेज गाठा. फक्त तिथे जाऊन "आवाज येतोय" एवढंच सांगू नका. कोणत्या जोडावर बुडबुडे आले, ते दाखवा. मेकॅनिकचा वेळ वाचेल आणि तुमचे पैसेही.