मृदंगाची शाई



चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातला सप्ताह, बाहेर पावसाची झड. कीर्तनाला उभा राहिलो, तर मृदंगमणी अजून हातोडीने गट्टे ठोकत होते. ‘महाराज, पुडी उतरली आहे, थोडं थांबा,’ असे ते म्हणाले. मी थांबलो नाही. उलट भर मंडपात, ‘देव काय तुमच्या कणकेसाठी खोळंबणार?’ असे बोललो. श्रोते हसले. त्यांनी मान खाली घातली.

ते काय करीत होते, हे मला फार पुढे वाचनातून कळले. साध्या ढोलाच्या कातड्यावर थाप पडली की मूळ नादाबरोबर वरचेही नाद निघतात, पण ते दुप्पट, तिप्पट अशा नेमक्या पटीत नसतात. पहिलाच सुमारे १.५९ पट असतो. म्हणून ढोल घुमतो, पण स्वरात मिळत नाही. वीणेच्या तारेचे नाद मात्र पटीत असतात. मग मृदंग वीणेशी मिळतो कसा?

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी हाच शोध घेतला. कलकत्त्यास असताना १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी यावर टिपण प्रसिद्ध केले आणि १९३४ साली सविस्तर निबंध लिहिला. पुडीवर बारीक वाळू पसरून त्यांनी कंपनांच्या आकृती पाहिल्या. शाईमुळे कातडे मध्यभागी जड होते. त्यामुळे त्याची नऊ निरनिराळी कंपने पाच नादांत एकवटतात, आणि ते पाच नाद एक, दोन, तीन, चार, पाच अशा पटीत येतात. डाव्या तोंडावरची ओली कणीकही कातड्याला जडपणा देऊन नाद खाली आणते.

नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाने जे मोजून दाखवले, ते शाईचे थरावर थर घोटणाऱ्या आपल्या कारागिरांनी केवळ कानाने साधले होते. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

दमट हवेत कातडे सैल पडते, स्वर उतरतो. त्या दिवशी मृदंगमणींचे म्हणणे खरे होते. माझा घाईचा अहंकार खोटा. क्षमा मागायला गेलो, तेव्हा ते वैकुंठवासी झाले होते.

तरुण कीर्तनकारांनो, आता ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवला की काम भागते असे वाटते. पण बेसूर मोठा केला तरी तो बेसूरच. मृदंगमणी कणीक लावत असतील, तर पाच मिनिटे थांबा. तीही सेवाच आहे.