इंग्रजी वाङ्मयाची परीक्षा : १८५४ ते १९२९

विद्यार्थ्यास काव्य समजलें कीं नाहीं हें परीक्षकानें कसें ओळखावें, हा प्रश्न वर्गांतला दिसला तरी त्यास इतिहास आहे. आणि तो ध्यानांत घेतल्यावांचून इंग्रजीच्या तासास मार्गदर्शिकांचें एवढें माहात्म्य कां, हें उलगडत नाहीं. त्यांतील तीन टप्पे येथें पाहावयाचे आहेत.

पहिला टप्पा १८५४ चा. मुलकी नोकरांच्या निवडीसाठीं मेकॉलेच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें सुचविलेल्या ६८७५ गुणांपैकीं १५०० गुण इंग्रजी निबंध, इतिहास व वाङ्मय यांस मिळून होते. ग्रीक व लॅटिन यांस प्रत्येकीं ७५०, संस्कृत व अरबी यांस प्रत्येकीं ३७५. या आंकड्यांत भाषांची प्रतिष्ठा दिसते, हें उघड आहे. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, वाङ्मय हें चढाओढींत गुण मिळवून देणारें साधन ठरलें. गुण द्यावयाचे तर उत्तर मोजतां आलें पाहिजे. आणि कवीचा जीवनकाल, ग्रंथांची नांवें, शब्दांच्या व्युत्पत्ति या गोष्टी रसग्रहणापेक्षां मोजावयास सोप्या.

दुसरा टप्पा १८५७ चा. त्या वर्षीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें लंडनच्या नमुन्यावर विद्यापीठें निघालीं. शिकवावें कॉलेजांनीं आणि परीक्षा घ्यावी विद्यापीठानें, अशी ही व्यवस्था होती. मुंबईच्या पहिल्या बी. ए. परीक्षेंत, १८६२ सालीं, रानडे, भांडारकर, मोडक व वागळे असे चौघे उत्तीर्ण झाले. त्यांच्या विद्वत्तेविषयीं शंका नाहीं. परंतु पुढें विद्यार्थिसंख्या वाढली, तेव्हां शिकविणारा व तपासणारा यांच्यामधील जागा टिपांच्या पुस्तकांनीं भरून काढली. १९०२ च्या विद्यापीठ आयोगास अशा पुस्तकांवर व घोकंपट्टीवर टीका करावी लागली. विशेष हें कीं, खुद्द ऑक्सफर्डास इंग्रजीची स्वतंत्र शाखा १८९४ मध्यें व केंब्रिजास १९१७ मध्यें मिळाली.

तिसरा टप्पा त्याच केंब्रिजचा. आय. ए. रिचर्ड्स यांनीं कवींचीं नांवें झांकून विद्यार्थ्यांस कविता दिल्या व त्यांचे अभिप्राय लिहून घेतले. तेरा कवितांवरील अभिप्रायांचें विवेचन १९२९ च्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथांत आहे. कवीचें नांव दिसेनासें होतांच अनेक सुशिक्षित वाचकांस सरळ वाच्यार्थहि लागेना, असें आढळून आलें.

संस्कृत पाठशाळेंतून आलेल्यास यांत ओळखीचें कांहीं सांपडेल. खण्डान्वयांत गुरु क्रियापदापासून आरंभ करून कोण, काय, कसा, कोणाचा असें विचारीत जातो, आणि शिष्य श्लोकांतूनच पद काढून देतो. तेथें शिकविणें व तपासणें एकाच वेळीं चालतें. ही पद्धतिहि पाठांतराच्या आहारीं जाऊं शकते, हें खरें. म्हणून श्लोक नवा असावा लागतो.

सहृदयता मोजण्याचें माप कोणत्याहि विद्यापीठास सांपडलेलें नाहीं. वाच्यार्थ मात्र तपासतां येतो, आणि त्यावांचून व्यंग्यार्थाच्या गोष्टी पोकळ होत. यास्तव इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेंत न वाचलेली एक लहानशी कविता कवीच्या नांवावांचून द्यावी, आणि पहिला प्रश्न एवढाच असावा : येथें कोण बोलतो, कोणास, आणि काय? या प्रश्नास जो अडेल, त्याच्या पुढील रसग्रहणास गुण देतांना परीक्षकानें हात आंखडता घ्यावा.