रविवारच्या दोत्रिनीची भाषा

ख्रिस्ती मंदिरांतून रविवारी मुलांना धर्मपाठ देण्याची प्रथा आज जगभर रूढ आहे. तिचा इतिहास सांगणारे बहुधा इंग्लंडातील ग्लॉस्टर नगरापासून आरंभ करतात. टाचण्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या नगरात १७८० साली रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्रकाराने गरिबांच्या मुलांसाठी रविवारची शाळा काढली. सहा दिवस कामाला जुंपलेल्या मुलांना सवड मिळे ती याच दिवशी. म्हणून आधी अक्षरओळख आणि मग बायबल, असा त्या शाळेचा क्रम ठरला. पुढे अवघ्या पन्नास वर्षांत ब्रिटनमधील अशा शाळांतून सुमारे साडेबारा लक्ष मुले शिकू लागली.

परंतु गोमंतकाशी ज्याचा ऋणानुबंध आहे, त्याला या कथेचा आरंभ २३८ वर्षे मागे न्यावा लागतो. ६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. हाती घंटा घेऊन ते नगराच्या रस्त्यांतून फिरत, आणि त्या नादाने गोळा झालेल्या मुलांना व गुलामांना मंदिरात नेऊन प्रार्थना व आज्ञा सुरावर म्हणावयास शिकवीत. या पाठाला पोर्तुगिजांनी ‘दोत्रिन’ म्हटले; कोंकणीच्या मुखात त्याचे ‘दोतोर्न’ झाले. येथे झेवियर मोडक्यातोडक्या पोर्तुगिजीवर निभावून नेत. पुढे तमिळ किनाऱ्यावरील मासेमारांत गेल्यावर मात्र त्यांना दुभाष्यांच्या साहाय्याने प्रार्थना तमिळमध्ये करवून घ्याव्या लागल्या. स्वतः त्या पाठ करून, रविवारी सारा गाव जमवून, त्यांनी त्या म्हणवून घेतल्या. मुलांस शिकवावयाचे तर प्रथम गुरूने मुलांच्या भाषेचा विद्यार्थी व्हावे लागते, हा धडा गोमंतकातही लौकरच गिरवावा लागणार होता.

मात्र येथे आम्ही एक गोष्ट झाकून ठेवू इच्छीत नाही. आमचा व्यवसाय कायद्याचा. जुने हुकूमनामे वाचताना घंटेच्या नादामागचा दुसरा आवाजही आमच्या कानी पडतो. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाच्या नावाने हुकूम निघाला की, माता-पिता व आजा-आजी नसलेली हिंदू मुले गोव्यातील सेंट पॉल कॉलेजाच्या स्वाधीन करून त्यांना बाप्तिस्मा द्यावा व शिक्षण द्यावे. अंमल करताना तर पिता वारला एवढेच कारण पुरेसे मानले जाऊ लागले. माता जिवंत असली तरी तिचा अधिकार चालेना. त्या भयाने कित्येक कुटुंबे मुले घेऊन नदीपार निघून गेली. घंटा ऐकून आलेले मूल आणि हुकुमाने आणलेले मूल यांत जे अंतर आहे ते कोणत्याही धर्माच्या अभिमान्याने विसरू नये.

याच पार्श्वभूमीवर इंग्लंडात जन्मलेल्या फादर टॉमस स्टीफन्सचे कार्य पाहावे. १५७९ मध्ये तो गोव्यास आला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत येथेच राहिला. आयुष्याचा मोठा भाग त्याने सासष्टीत घालविला. मुलांच्या दोत्रिनीसाठी त्याने गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तररूपाने लिहिलेले पुस्तक त्याच्या पश्चात १६२२ साली रायतूर येथे छापले गेले. त्याची भाषा कोंकणी. घरात आई जी बोलते ती. छापील कोंकणी ग्रंथांच्या इतिहासात त्याचे स्थान अगदी आरंभीचे आहे.

पण त्याच स्टीफन्सने १६१६ मध्ये प्रसिद्ध केलेले सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत आहे. त्याचा उगमही ग्रंथातच सांगितला आहे. सासष्टीच्या इगर्जीत रविवारी दोत्रिन चालली असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंस म्हणतो की, ही शिकवण बरी आहे. पण पूर्वीची पुराणे आम्हांस बंद झाली, त्यांच्या जागी वाचावयास काही असेल तर बरे. त्या मागणीचे उत्तर म्हणजे हे पुराण. प्रश्नोत्तरे पाठ झाली तरी ज्याची श्रवणाची भूक उरते, अशा समाजाचे मन स्टीफन्सने ओळखले होते. मुलांच्या पाठाला त्याने घरची कोंकणी घेतली आणि पारायणाला मराठी ओवी. या दोन भाषांत त्याला वैर दिसले नाही. आज या दोन्ही भाषांच्या नावाने भांडणाऱ्या आम्हां सर्वांस ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

पुढे मात्र सत्तेचे मन पालटले. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय काउंट आल्व्होर याने हुकूम काढला की, प्रजेने तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी आणि गावोगावच्या पाद्रींनी व गुरुजींनी त्याच भाषेत शिकवावे. १७४५ मध्ये आर्चबिशपांनी त्याहून पुढे जाऊन, पोर्तुगीज न येणाऱ्यास विवाहाची परवानगीच नाकारली. कायद्याच्या दृष्टीने या हुकुमांत न्यून नव्हते. मुदत होती, अधिकार होता, शिक्षेचा धाकही होता. नव्हती ती एकच गोष्ट : मुलाच्या आईची संमती. तिने पाळणा कोंकणीतच म्हटला. १६५४ नंतर क्रिस्तपुराण अडीचशे वर्षे पुन्हा छापले गेले नाही. तरी त्याची हस्तलिखिते श्रद्धाळू घरांतून जपली गेली, आणि त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळुरात त्याची नवी आवृत्ती निघू शकली. खुद्द पोर्तुगीज सरकारचा मुख्य सचिव कुन्य रिव्हार याने १८५८ मध्ये कोंकणीवरील ऐतिहासिक निबंधात या दडपणुकीची कागदपत्रे उजेडात आणली आणि त्या भाषेची बाजू मांडली. दोन शतकांपूर्वीच्या हुकुमाचे अपील जणू हुकूम देणाऱ्याच्याच दप्तरात दाखल झाले!

आजही गोव्याच्या इगर्जींतून रविवारी दोतोर्न भरते. शिकविणारे बहुधा गावातलेच स्वयंसेवक असतात. भाषा कोठे कोंकणी, कोठे इंग्रजी. आता तीन वर्षांची मुदत घालणारा व्हाइसरॉय नाही. निर्णय आईबापांच्या हाती आला आहे. इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांपुढेही, धर्म वेगळा असला तरी, प्रश्न हाच आहे. इंग्रजीचे व्यवहारातील मोल आम्ही नाकारीत नाही. पण सत्तेचा हुकूम मोडून ज्या आयांनी भाषा राखली, त्यांच्या वंशजांनी ती कोणी न सांगता सोडावी काय, याचे उत्तर कोणत्याही न्यायालयात मिळणार नाही. ते घरातच द्यावयाचे आहे.