परमुलखातील बिऱ्हाड

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली, की आमच्या परिचयातील दोन-चार कुटुंबे एक ठरावीक प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात. मुलगा वा सून पुण्यास चांगल्या नोकरीवर असते. वडीलमंडळी साताऱ्यास किंवा सांगलीस असतात. आणि सर्वांनी मिळून पॅरिस, रोम, व्हिएन्ना यांपैकी एखादे शहर चार-पाच दिवस पाहून यावे, असा बेत ठरलेला असतो. विमानाचे भाडे ठाऊक झालेले असते, पाहण्याची स्थळेही पाठ असतात. अडते ते एकाच ठिकाणी. उतरावयाचे कोठे? जागा स्वच्छ हवी, भाडे बेताचे हवे, स्थानक जवळ हवे, आणि आजीबाईंसाठी मूठभर भात शिजविण्याची सोय असली तर फारच उत्तम. शिवाय प्रवासाचा परवाना मागावयास जावे, तर वकिलातही प्रथम हेच विचारते, की आपण राहणार कोठे.

आम्ही यथामति सांगतो. जागा प्रसिद्ध चौकात घेण्यापेक्षा भुयारी रेल्वेच्या मार्गावर दोन-चार स्थानके पलीकडे घ्यावी. भाड्यात न्याहारी धरली आहे की नाही, आणि नगरपालिकेचा प्रवासीकर वेगळा द्यावयाचा आहे काय, हे आधी पाहावे. जुन्या इमारतींत पुष्कळदा लिफ्ट नसते, म्हणून मजला विचारून घ्यावा. चार माणसांस काही दिवस राहावयाचे असेल, तर हॉटेलातील दोन खोल्यांपेक्षा स्वयंपाकघर असलेले लहानसे बिऱ्हाड बहुधा स्वस्त पडते. इतके सांगितले की विषय संपावयास हवा. परंतु ज्याने आयुष्यभर इतिहास शिकविला त्याचा विषय इतक्यावर संपत नाही. परमुलखात बरे व परवडेल असे बिऱ्हाड कोठे मिळेल, हा प्रश्न महाराष्ट्रास पडून जवळजवळ अडीचशे वर्षे झाली. आणि त्याचा मागोवा घेता आम्हांस असे दिसून आले, की बिऱ्हाडाची खरी किंमत भाड्याच्या आकड्यात पुरतेपणी कधीच येत नाही.

अगदी आरंभीचे उदाहरण पेशवाईतले आहे. रघुनाथरावाने इंग्रजांचे साहाय्य मिळविण्यासाठी आपले वकील थेट विलायतेस पाठविले. हनमंतराव नावाचा एक ब्राह्मण आणि मणियार नावाचे एक पारशी गृहस्थ हे १७८१ साली लंडनमध्ये होते. राजकारण बाजूस राहिले. हनमंतरावापुढे पहिली अडचण उभी राहिली ती चुलीची. ज्या शहरात आपल्या हाताने, आपल्या आचाराप्रमाणे अन्न शिजविण्यास जागा नाही, तेथे सोवळ्यातील मनुष्याने जगावे कसे? अखेर एडमंड बर्क या थोर वक्त्याने ही मंडळी आपल्या बेकन्सफील्ड येथील घरी नेली, आणि बागेतील झाडांसाठी बांधलेले काचगृह त्यांच्या स्वयंपाकासाठी व धर्मविधींसाठी मोकळे करून दिले. बर्कला त्या आचाराचे मर्म कळले असेल किंवा नसेल. परंतु पाहुण्यास जे हवे ते त्याच्या कल्पनेप्रमाणे द्यावे, आपल्या कल्पनेप्रमाणे नव्हे, एवढे आतिथ्याचे तत्त्व त्यास निश्चित कळले होते.

पुढले उदाहरण आमच्या साताऱ्याचे आहे. १८३९ साली कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांस पदच्युत करून काशीस पाठविले. त्यांची दाद लावण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि १८४० पासून १८५३ पर्यंत लंडनमध्ये राहिले. त्यांच्या निष्ठेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ही निष्ठा एका परक्या शहरात इतकी वर्षे बिऱ्हाड करून सांभाळावी लागली, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्या काळच्या लंडनमध्ये भाड्याची खोली घेणाऱ्याच्या हिशेबात कोळसा, मेणबत्त्या, चाकरी यांची निराळी भर पडत असे. आणि महाराजांच्या वकिलास अगदी हलक्या वस्तीत राहूनही भागण्यासारखे नव्हते. जोसेफ ह्यूमसारखा पार्लमेंटचा सभासद किंवा जॉर्ज थॉम्पसनसारखा वक्ता ज्याचा कैवार घेतो, त्यास निदान पत्र पोहोचेल असा एक कायमचा ठिकाणा हवा. ज्यास पत्ता नाही, त्याची फिर्यादही कोणी ऐकत नाही.

१८४७ साली महाराज काशीस वारले. १८४८ साली सातारचे राज्यच खालसा झाले. फिर्याद ज्याची होती तो धनी गेला, ज्यासाठी होती ते राज्य गेले. राहिले ते वकिलाचे बिऱ्हाड आणि त्यापायी झालेले कर्ज. शेवटी ज्या कंपनीशी ते भांडत होते, तिच्याच पैशाने कर्ज वारून व परतीच्या प्रवासाची सोय करून त्यांस लंडन सोडावे लागले. पुढे १८५७ च्या धामधुमीत त्यांचा मुलगा सीताराम साताऱ्यास फाशी गेला, आणि रंगो बापूजी जे नाहीसे झाले ते पुन्हा कोणास दिसले नाहीत. ज्याने परक्या राजधानीत तेरा वर्षे ठिकाणा टिकविला, त्यास आपल्या सातारा प्रांतात मात्र ठिकाणा उरला नाही.

यानंतरच्या पन्नास वर्षांत वकिलांच्या जागी विद्यार्थी आले. त्यांची निकड इतकी होती, की १९०५ च्या जुलैत श्यामजी कृष्णवर्मा यांनी हायगेट भागात ‘इंडिया हाऊस’ उघडले, ते प्रथमतः वसतिगृह म्हणूनच. पुढील वर्षी सावरकर तेथे राहावयास गेले, आणि त्या घराचे काय झाले हे वाचकांस ठाऊकच आहे. सरकारनेही त्यातून धडा घेतला. १९१० साली क्रॉमवेल रोडवर हिंदी विद्यार्थ्यांसाठी अधिकृत सोयीचे एक घर उघडण्यात आले. सोय आणि पाळत एकाच छपराखाली नांदू शकतात, हे त्या घराबद्दल साशंक असलेल्या विद्यार्थ्यांनी तेव्हाच ओळखले होते.

आता ज्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगावयाची आहे, त्याचे बालपण साताऱ्यात गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. त्या शाळेस पुढे प्रतापसिंह महाराजांचेच नाव मिळाले, हा योगायोग मनात ठेवण्यासारखा आहे. १९२० साली आंबेडकर अर्थशास्त्र आणि कायदा यांचा अभ्यास पुरा करण्यासाठी लंडनला गेले. जवळ स्वतःची थोडी शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज, एवढेच भांडवल. ज्या घरी ते राहिले तेथील मालकीण न्याहारीचा तुकडा मोजून देणारी होती, आणि रात्री उशिरापर्यंत वाचताना भूक लागली म्हणजे ते मित्राने दिलेले पापड भाजून खात, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे. १९२१-२२ मध्ये ते किंग हेन्रीज रोडवरील दहा नंबरच्या घरात राहत होते. ते घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतले, आणि आज ते स्मारक आहे.

बरे बिऱ्हाड म्हणून आमच्याकडे विचारावयास येणारी मंडळी जी लक्षणे सांगतात, त्यांपैकी फारच थोडी त्या बिऱ्हाडात होती. तथापि एक गोष्ट होती. त्या कंजूष बाईने पैसे मोजून घेतले आणि खोली दिली. जात विचारली नाही.

हे लहानसे वाक्य किती मोठे आहे, हे समजण्यासाठी लंडनहून मागे, १९१७ सालच्या बडोद्यास यावे लागते. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन आंबेडकर तेथे दरबारच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा हिंदू खानावळीत त्यांस जागा मिळणे शक्य नव्हते. नाव बदलून त्यांनी पारश्यांच्या एका धर्मशाळेत आसरा घेतला. काही दिवसांनी काठ्या घेतलेला जमाव आला, आणि त्यांस ती जागा सोडावी लागली. एका हिंदू मित्राकडे विचारले, एका ख्रिस्ती मित्राकडे विचारले. कोणाच्याच घरी सोय होईना. उरलेले तास त्यांनी सार्वजनिक बागेत बसून काढले, आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

आणखी मागे गेलो, तर आपण सातारा जिल्ह्यातच येऊन पोहोचतो. १९०१ साली वडिलांस भेटण्यासाठी निघालेली ही मुले मसूर स्थानकावर उतरली. अंगावर नीटनेटके कपडे. न्यावयास कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. पण मुले महारांची आहेत हे कळताच ते मागे सरले. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक बैलगाडी मिळाली, तीही अशी, की गाडी मुलांनी हाकावी आणि गाडीवानाने पायी चालावे. बरोबर अन्न होते, परंतु वाटेत कोणी पाणी दिले नाही, म्हणून ते खाता आले नाही. रात्र उघड्यावर, गाडीतच गेली. भाडे दुप्पट देण्याची तयारी असूनही निवारा मिळत नाही, ही गोष्ट त्या नऊ-दहा वर्षांच्या मुलास आमच्याच जिल्ह्याने शिकविली.

लंडन म्हणजे स्वर्ग होते, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. १९४३ साली वेस्ट इंडीजचा विख्यात क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यास लंडनच्या इंपीरियल हॉटेलने त्याच्या वर्णामुळे ठेवून घेण्याचे नाकारले. पुढल्या वर्षी न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल देऊन पाच गिनी नुकसानभरपाई दिली. खोल्या भाड्याने देताना वर्ण पाहणे बेकायदा ठरावयास तेथे १९६८ साल उजाडावे लागले. प्रत्येक शहराची आपली एक बंद खोली असते. ती कोणासाठी बंद आहे, एवढाच फरक.

१९३० च्या नोव्हेंबरात लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली. तीत संस्थानिकांच्या बाजूस सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन होते, आणि अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून डॉ. आंबेडकर होते. सांगलीचे राजे आणि मसूरच्या गाडीतला मुलगा एका सभागृहात बसले, ते सहा हजार मैल दूर जाऊन. आणि २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात, दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणास मज्जाव करता येणार नाही, असे नमूद झाले. ते कलम वाचताना आम्हांस प्रत्येक वेळी ती उघड्यावर काढलेली रात्र आठवते.

येथे एक कबुली देणे आम्हांस प्राप्त आहे. महाविद्यालयात असताना आम्ही सांगलीस खोली शोधीत होतो. एका वृद्ध गृहस्थांनी भाडे सांगण्यापूर्वी आमचे आडनाव विचारले. आम्ही ते सांगितले, खोली मिळाली, आणि आम्ही ‘माणसे फार चांगली आहेत’ असे घरी पत्राने कळविले. आमच्याच वर्गातील एक हुशार मित्र त्याच दारातून आदल्या दिवशी परत गेला होता, हे आम्हांस पुष्कळ महिन्यांनी कळले. त्याने ते कधी बोलून दाखविले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते. खोली स्वस्त होती खरी. तिच्या भाड्यातील एक हिस्सा मात्र तो भरत होता.

म्हणून यंदा कोणी विचारावयास आले, तर भुयारी रेल्वे, न्याहारी आणि मजला यांविषयीचा आमचा सल्ला आम्ही पूर्वीप्रमाणेच देऊ. रोमला किंवा व्हिएन्नाला आमची मंडळी हातातील यंत्रावर दोन बोटे फिरवून खोली ठरवितील, कोणा अनोळखी बाईच्या घराची किल्ली घेतील, तिच्या चुलीवर भात शिजवतील, आणि ती बाई त्यांची जात विचारणार नाही. ते सुखरूप परत आले, की एवढेच विचारण्याचा आमचा मानस आहे: आपल्या माडीवरची खोली जून महिन्यात रिकामी होते, खेड्यातून शिकावयास आलेला मुलगा दारात उभा राहिला, तर त्यास पहिला प्रश्न कोणता विचाराल?