सुइबाकु, गोजिरा आणि ओइवा



टोकियोत राहायला आल्यापासून मला एक नाद लागलाय: जुन्या जपानी भयपटांची पोस्टरं जमवायचा. घरच्या मंडळींनी त्याचं नाव 'रद्दी' ठेवलंय, आणि खरं सांगायचं तर ते फारसं चूकही नाही. ही पोस्टरं लोकांना विकायला छापलेलीच नव्हती. थेटरावर लावायची आणि सिनेमा उतरला की फेकून द्यायची. नेहमीचा आकार बी-२, म्हणजे साधारण ५१ बाय ७३ सेंटिमीटर. असे दोन कागद एकाखाली एक जोडून जी लांबलचक पोस्टरं व्हायची, ती तर फारच थोडी वाचली. (आपल्याकडे तरी काय वेगळं झालं? बाबूराव पेंटरांच्या 'कल्याण खजिना'चं १९२४ चं पोस्टर हे भारतात उरलेलं सर्वांत जुनं सचित्र पोस्टर मानतात.)

मला यात इतिहास दिसतो तो असा. सिनेमा पुन्हा कापता येतो, डब करता येतो. पण एकदा छापलेला कागद बदलत नाही. लोकांना तेव्हा नेमकी कशाची भीती वाटत होती, ते त्यावर तसंच राहतं.

गोजिराचंच घ्या, म्हणजे आपला गॉडझिला. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. 'दाइगो फुकुर्यू मारू' या ट्यूना पकडणाऱ्या बोटीवर किरणोत्सारी राख पडली. बोटीवर २३ जण होते. त्यांच्यातले रेडिओ ऑपरेटर कुबोयामा आइकिची २३ सप्टेंबरला वारले. आणि ३ नोव्हेंबरला तोहो कंपनीचा 'गोजिरा' थेटरात लागला! दिग्दर्शक होन्दा इशिरो. त्याच्या पोस्टरवर सिनेमाची ओळखच 'सुइबाकु', म्हणजे हायड्रोजन बॉम्ब, या शब्दाने करून दिलीय. पोस्टर बघणाऱ्याला कुबोयामा कोण हे वेगळं सांगावं लागत नव्हतं.

पुढे १९५६ मध्ये अमेरिकेत रेमंड बर या नटाचे प्रसंग घालून नवी आवृत्ती काढली आणि बॉम्बविषयीचं बोलणं बरंच पातळ केलं. जपानमध्येही काही वेगळं घडलं नाही. डिसेंबर १९६९ पासून तोहोने शाळेच्या सुट्ट्यांत मुलांसाठी 'चॅम्पियन मात्सुरी' सुरू केली. त्यात जुने गोजिरापट कापून, कार्टूनच्या जोडीने दाखवायचे. त्या वेळच्या पोस्टरांवर गोजिरा अगदी मुलांचा लाडका हीरो झालेला दिसतो. पंधरा वर्षांत एवढा फरक! घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की १९६९ च्या आधीच्या सिनेमाच्या पोस्टरवर 'चॅम्पियन मात्सुरी' अशी अक्षरं असली तर विकणारा काहीही म्हणो, ते मूळ प्रदर्शनाचं नाही.

दुसरी ओइवा. ही फार जुनी बाई. त्सुरुया नाम्बोकूच्या १८२५ च्या काबुकी नाटकातली, नवऱ्याने दगा दिलेली, विषाने चेहरा विद्रूप होऊन मेलेली. आपल्या हडळीची नातेवाईक म्हणा हवं तर, फक्त हिची तक्रार अगदी रास्त आहे. इथे भुतांचा मोसम उन्हाळा. पितर घरी येतात तो ओबोनचा सण तेव्हाच, आणि अंगावर काटा आला की उकाडा कमी वाटतो असंही म्हणतात. १९५९ या एकाच वर्षी तिच्यावर दोन सिनेमे आले, एक शिन्तोहोचा आणि एक दाइएइचा. शिन्तोहोचा, नाकागावा नोबुओंनी केलेला, मला कितीतरी सरस वाटतो. ही कंपनी १९६१ मध्ये बुडाली, त्यामुळे तिचे कागद सांभाळायला कोण राहणार?

असो. शोधायचं असेल तर जिम्बोचोला जा. जुन्या पुस्तकांची पेठच आहे ती. तिथलं यागुची शोतेन हे १९१८ पासूनचं दुकान सिनेमा-नाटकाच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध आहे. घडी पडलेलं पोस्टर असलं तरी बिनधास्त घ्या, पण लॅमिनेट मात्र कधीही करू नका.

१९५४ चा अस्सल गोजिरा माझ्याकडे नाही, तो आपल्या खिशाबाहेरचा. ओइवा आहे. तिच्यावर नाटक-सिनेमा करणारे आधी योत्सुयाला तिच्या देवळात जाऊन येतात, अशी इथे जुनी रीत आहे. मी तर नुसता कागद भिंतीवर लावणार होतो, पण जाऊन आलो.