हजारामागे सातशे नऊ

आमच्या उर्दू शाळेत नवे मूल दाखल होते तेव्हा ते दोन पत्ते सांगते. एक भिवंडीतल्या मोहल्ल्याचा, दुसरा ‘मुलका’चा. मुलूख बहुधा उत्तर प्रदेशातला असतो. भिवंडीची लोकसंख्या आणि रोजीरोटी समजून घ्यायची तर या दोन पत्त्यांपासूनच सुरुवात करावी लागते.

कामवारी नदीकाठची भिवंडी हे मूळचे व्यापारी गाव. कोकणी मुसलमानांची इथे जुनी वस्ती. पुढे उत्तरेकडून मोमीन विणकर आले आणि हातमागाचा खडखडाट सुरू झाला. १९३० च्या दशकात विजेवरचे माग आले. मुंबईच्या गिरण्या बरेचसे कापड इथून विणून घेऊ लागल्या आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर हा ओघ आणखी वाढला. १९७१ साली सुमारे ८० हजार वस्तीचे हे गाव १९९१ मध्ये पावणेचार लाखांच्या पुढे गेले. एवढी वाढ घरातल्या पाळण्यांनी होत नसते. माणसे बाहेरून येत होती.

२०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७,०९,६६५ भरली. त्यात पुरुष ४,१५,३३९ आणि स्त्रिया २,९४,३२६. म्हणजे हजार पुरुषांमागे सातशे नऊ स्त्रिया. राज्याचे प्रमाण तेव्हा ९२९ होते. शहरात मुसलमान निम्म्याहून अधिक, म्हणून हा आकडा पाहून कुणी आपल्या समाजाकडे बोट दाखवील. त्याला आम्ही मालेगाव दाखवू. तिथेही माग, तिथेही मुसलमानांचे बहुमत. पण तिथले विणकर पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबासह स्थिरावलेले, आणि स्त्री-पुरुषांची संख्या जवळजवळ बरोबरीची. तेव्हा फरक मजहबाचा नाही, मजुरीचा आहे.

भिवंडीत पुष्कळदा व्यापारी सूत देतो, मागमालक मजुरीवर कापड विणून देतो आणि कारागिराला विणलेल्या मालाच्या हिशेबाने पैसे मिळतात. पाळी बारा तासांची. एका खोलीत दिवसपाळीवाले आणि रातपाळीवाले आळीपाळीने झोपतात, जेवण बिस्सीत. या कमाईत अन् या खोलीत बायकामुले कशी आणायची? जनगणनेत कमी पडलेल्या त्या स्त्रिया कुठे नाहीशा झालेल्या नाहीत. त्या गावाकडे शेत, सासू-सासरे आणि मनीऑर्डरची वाट सांभाळत होत्या.

ज्यांनी हिंमत करून कुटुंब आणले, त्यांची मुले आमच्या पटावर येतात. मंदी आली, माग थांबले की तीच मुले आधी गळतात. २०२० च्या टाळेबंदीत माग बंद पडले आणि कारागीर मिळेल त्या वाहनाने, काही पायीच, मुलखाकडे निघाले. पुढे शाळा उघडल्या तेव्हा हजेरी घेताना कित्येक नावांना उत्तर आले नाही.

२०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे नवा आकडा हाती नाही. पण त्यासाठी थांबायचे कारण नाही. परत आलेले मूल दाखल्यावाचून दारातून माघारी जाऊ नये. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मागाच्या पट्ट्यातील प्रत्येक बापाला हे ठाऊक असले पाहिजे. ते सांगण्याचे काम आम्हा शिक्षकांचे आहे आणि वाचणाऱ्या प्रत्येकाचेही.